चौथ्या शीलापाशी

हॅरो, १४ ऑक्टोबर २०२४

श्री. संघर्ष रामटेके यांस,

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. मी आहे, सुचेता आहे, आणि तुझी मुलगी अन्वी सतरा वर्षांची झाली आहे. आठवत असेल तर.

तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय. तू बोस्टनला निघालास तेव्हा हीथ्रोवर मी काय बोललो ते मला पाठ आहे, आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. ‘जातोस तर बायको-मुलीला घेऊन जा, नाहीतर मला मुलगा नाही.’ तू एकटाच गेलास. सहा महिन्यांत बोलावतो म्हणालास आणि वकिलाचे कागद पाठवलेस. तेव्हा हे पत्र बापाने मुलाला लिहिलेलं नाही. अन्वीच्या आजोबाने अन्वीच्या वडिलांना लिहिलंय, एवढं समजून वाच.

कामाचं बोलतो. अन्वीला अमेरिकेत शिकायचंय. इथलं कसं सरळ असतं. एक अर्ज, पाच युनिव्हर्सिट्या, एक विषय, आणि शाळेने अंदाजाने सांगितलेल्या ग्रेड्स. झालं. आपल्या घराने कुंडली कधीच सोडली, पण ही अमेरिकन कॉलेजं मुलीची कुंडलीच मागतात. कुठल्या क्लबात होतीस, कोणाला मदत केलीस, आयुष्यात रडलीस कधी, आणि रडून काय शिकलीस. साडेसहाशे शब्दांत. पण पोरीला फिजिक्सही हवं आणि नाचही हवा. इथे या वयात एकाचा हात धरला की दुसऱ्याचा सोडावा लागतो, तिथे म्हणे दोन्ही चालतं. मी म्हटलं, जायचंच तर न्यूयॉर्कला जा, बाबासाहेब शिकले त्या शहरात. छे! तिला मॅसॅच्युसेट्समधलं कुठलंसं आडगाव हवंय. एक कॉलेज, एक चर्च आणि भोवती झाडं. तेच का, विचारलं तर खांदे उडवते.

आता तुझा संबंध. ते कॉलेज खर्चाला मदत करतं, सढळ हाताने करतं, पण आई आणि वडील दोघांची माहिती पाहिल्याशिवाय नाही. घटस्फोट झालेला असला तरी. सुचेताने तिचा भाग भरला. वडिलांचा भाग वडिलांनीच, स्वतःच्या नावाने, त्यांच्या वेबसाइटवर भरायचा. तो कोरा राहिला तर अर्ज अर्धवट, आणि मदत नसेल तर तिथे जाण्याचा विषयच नको. वॉटफर्डच्या फार्मसीत दिवसभर उभं राहून सुचेताच्या पायाच्या शिरा फुगल्यात, तिच्याकडून आणखी काय काढायचं? फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मुदत आहे. भरून टाक. दुसरं काही मागणार नाही, घाबरू नकोस.

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळपासून फोनवर सगळ्यांना जय भीम करून झालं. तुला मात्र ते लिहायला हात उठत नाही.

दादासाहेब रामटेके


हॅरो, १७ नोव्हेंबर २०२४

संघर्ष,

पत्र मी सही घेऊन देणाऱ्या डाकेने पाठवलं होतं. सही मी कॉम्प्युटरवर पाहिली. ‘एस’ला शेपूट काढायची तुझी सवय शाळेपासूनची आहे. म्हणजे पत्र मिळालं, वाचलंस, आणि अळीमिळी गुपचिळी. छान.

तुझ्यावाचून अडणार नाही असं दिसतंय. दुसरी वाट सापडली आहे. वडिलांशी काहीच संपर्क नसेल तर तो भाग माफ करतात. मुलीने तसं लिहून द्यायचं आणि घराबाहेरच्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाने दुजोरा द्यायचा. ही वाट अन्वीनेच शोधली. ‘तुला कुठून कळलं?’ विचारलं तर म्हणाली, ‘ऑनलाइन.’ दुजोरा द्यायला वकील चालतो, पाद्री चालतो. आपल्यात पाद्री कुठून आणायचा? मग शशीला विचारलं. आठवतो ना शशीकाका? वॉटफर्डला माझ्याबरोबर नोकरीला होता, तुला खांद्यावर घेऊन जयंतीच्या मिरवणुकीत नाचला होता. आता वेम्बलीच्या आपल्या विहाराचा अध्यक्ष आहे. शशी म्हणाला, ‘दादासाहेब, यात खोटं काय आहे? त्या नालायकाने सहा वर्षांत साधं पोस्टकार्ड टाकलं नाही.’ मी एकदम भडकलो. ‘माझ्यासमोर त्याला नालायक म्हणायचं नाही!’ तो बघतच राहिला. मी असं का म्हणालो, मलाही कळलं नाही.

घरात नुसती धांदल आहे. शाळेच्या सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, हेड, मिसेस हॅलोरन, यांनी अन्वीसाठी शिफारस लिहिली: ‘क्वाइट गुड.’ इंग्रजाच्या तोंडून ही केवढी मोठी शाबासकी आहे ते चाळीस वर्षं इंग्रज सर्जनांशेजारी उभं राहून रोग्यांना भूल दिलेल्या माणसाला विचार. पण अमेरिकन माणूस वाचून म्हणेल, पोरगी बेताची दिसते. सुचेता सुट्टी काढून शाळेत जाऊन बसली. तिने काय सांगितलं कोण जाणे, पण आता त्या बाईंनी असं काही लिहिलंय की मलाच वाटलं, ही कोणाची गुणी पोर?

अन्वी मात्र खूश नाही. वाट सापडली म्हणून उडी मारायची, तर ताटातली भेंडी चिवडत बसते. विचारलं की ‘टायर्ड आहे आजोबा.’ तुझ्यासारखीच, पोटातलं ओठावर येऊ देत नाही.

तू अजूनही भरलंस तर शशीला काही लिहावं लागणार नाही. बघ बाबा.

दादासाहेब


हॅरो, ८ डिसेंबर २०२४

संघर्ष,

घाईत लिहितोय, अक्षर लावून वाच.

परवा सहा डिसेंबर झाला, म्हणून आज रविवारी विहारात अभिवादनाची सभा होती. हॉल गच्च भरलेला. अन्वी नेहमीसारखी माझ्या उजव्या हाताला, कारण माझं ऐकण्याचं यंत्र उजव्या कानात आहे. वंदना झाली, पंचशील सुरू झालं. शशी पुढे म्हणतो, आम्ही मागून. पहिलं शील म्हणाली. दुसरं, तिसरं, खणखणीत. चौथं आलं. ‘मुसावादा वेरमणी.’ मी खोटं बोलणार नाही. आणि माझ्या उजव्या कानात शांतता. मला वाटलं, यंत्राची बॅटरी गेली. तेवढ्यात पाचवं शील स्पष्ट ऐकू आलं.

बाहेर पडल्यावर ईलिंग रोडवर मेथी घेतली, बसस्टॉपवर उभे राहिलो. मी विचारलं, ‘चौथ्याला का थांबलीस?’

‘घसा, आजोबा.’

‘घसा तिसऱ्याला बरा होता, पाचव्याला बरा झाला. मधेच काय झालं?’

ती रडायला लागली. भर रस्त्यात, हातात मेथीची पिशवी. तिचं मराठी तुला माहीत आहेच, रडताना तर सगळी लिंगं एक होतात. ‘आजोबा, मी बाबाशी बोलते. दोन वर्षं झाली, इयर इलेव्हनपासून. दर संडे. आईला माहिती नाही.’

मी म्हणालो, ‘बरं.’ दुसरं काय म्हणणार? सहा वर्षं मी तुझं नाव घेतलं नाही, का तर पोरीला त्रास नको. आणि पोर दर रविवारी तुझ्याशी बोलतेय, आणि माझ्यासमोर तुझं नाव घेत नाही, का तर म्हाताऱ्याला त्रास नको!

पुढचं ऐकून मात्र माझ्या पायाखालची जमीन सरकली. ‘तो माफीचा वेव्हर बाबानेच सांगितला. तो म्हणाला इट्स क्लीनर. लिहून टाक, बाबा कॉन्टॅक्टमध्ये नाही.’

संघर्ष! मी तुला ऑक्टोबरात पत्र लिहितो, तू ते वाचतोस, मला उत्तर देत नाहीस, आणि पोरीला फोनवर सांगतोस, लिहून टाक, तुला बाप नाही? अरे, मी रागाच्या भरात म्हणालो होतो मला मुलगा नाही. तू थंड डोक्याने पोरीला तेच उलटं लिहायला शिकवलंस. आणि ते आडगाव का हवं होतं, तेही आज कळलं. ‘तिथून बाबाच्या घराला ट्रेन आहे. एक तास.’ तुला हे ठाऊक होतं. ठाऊक असून सांगितलंस.

आता माझं ऐक. मी काय केलं तेही तुला कळलं पाहिजे. तिचं सही केलेलं निवेदन शशीकडेच होतं. शशीचाही कागद तयार होता, दोन्ही उद्या शाळेत जायचे होते. बस येत नव्हती. मी म्हणालो, ‘जाऊ दे. झालं ते झालं. तुझं शिक्षण महत्त्वाचं. कोणाला कळणार आहे?’ मी! गेली वीस वर्षं रविवारी लहान मुलांना पंचशील शिकवणारा मी.

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही पण?’

कोणी तोंडात मारली असती तरी चाललं असतं.

‘फॉर्मवर लिहिला ना, तेव्हा मला काही नाही झाला,’ ती म्हणाली. ‘पण तुमच्या बाजूला उभी होते आणि शब्दच आला नाही. बाबा आहे ना आजोबा. तो आहे. मी कसा लिहू, तो नाही?’

बस आली, आम्ही चढलो नाही. उलट पावली विहारात गेलो. शशी खुर्च्या लावत होता. अन्वी पुढे झाली, स्वतः म्हणाली, ‘शशीआजोबा, तो लेटर द्यायचा नाही. खोटा आहे. मी खोटा सांगितला.’ शशीने खिशातून दोन्ही कागद काढले, फाडले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मी तोंड उघडायच्या आत तो माझ्याशी खुर्च्यांबद्दल बोलायला लागला.

तेव्हा आता दुसरी वाट बंद. तिने स्वतः बंद केली. राहिलास तू.

आप्पा
(चुकून लिहिलं गेलं. राहू दे.)


हॅरो, १९ जानेवारी २०२५

संघर्ष,

तुझा ईमेल आला. सहा वर्षांनी पाच ओळी, आणि त्याही इंग्रजीत. तुझ्या तिथल्या बायकोला, देवयानीला, तुझा घटस्फोट माहीत आहे पण मुलगी माहीत नाही. त्या फॉर्मवर तिचीही माहिती लागते, म्हणून तुला तिला सांगावं लागेल. समर अजून लहान आहे. हे घर मोडेल. ‘प्लीज अंडरस्टँड, आप्पा.’

समजलं. सगळं समजलं. समर हे नाव मला तुझ्या ईमेलमधून कळावं, हेही समजलं. मला नातू आहे आणि तो चालायला लागला, बोलायला लागला, आणि मी इथे हॅरोच्या लायब्ररीत पेपर वाचत बसलोय. अन्वीला विचारलं तर तिच्या फोनमध्ये त्याचे ढीगभर फोटो. ‘माय ब्रदर,’ म्हणते. त्याला ती माहीत नाही, आणि ही त्याच्या दातांची चौकशी करते.

तिने आईला सांगितलं. नाताळच्या सुट्टीत, स्वयंपाकघरात. मी मुद्दाम तिथेच थांबलो, म्हटलं सुचेता भडकली तर मधे पडू. कुकरची शिट्टी झाली. सुचेताने गॅस बंद करून विचारलं, ‘नीट बोलतो ना तुझ्याशी?’

‘हो.’

‘जेवलीस का, विचारतो?’

‘विचारतो.’

‘बरं,’ म्हणाली, आणि वर जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी खाली आली तेव्हा डोळे सुजलेले होते. मला म्हणाली, ‘तुम्ही त्याला पत्रं लिहिताय ते मला माहीत आहे. पोस्टातून आलात की तुम्ही दोन दिवस माझ्या डोळ्याला डोळा देत नाही.’ मी म्हटलं, ‘सुचेता, मी कामापुरतं—’ तर म्हणाली, ‘आप्पा, तुमचा मुलगा आहे तो. मी काय तुम्हाला नको म्हटलं होतं?’ खरंच, तिने कधी म्हटलं नव्हतं. मीच ठरवून बसलो होतो.

तुझ्यासाठी तिचा निरोप आहे, जसाच्या तसा देतो: ‘माझ्यासाठी काही करू नको म्हणावं. पण माझ्या मुलीला लपवायची वस्तू करू नको.’

माझं म्हणणं थोडंसं वेगळं आहे. मी तुला ओळखतो. तू दुष्ट नाहीस. तू भित्रा आहेस. लहानपणी काचेचा जग फोडलास तेव्हा तुकडे माझ्या बुटात लपवून ठेवले होतेस, आणि माझ्या पायात काच गेल्यावर सगळ्यात मोठ्याने तूच रडला होतास. आताही तेच चाललंय. आज ना उद्या ती काच कोणाच्या तरी पायात जाणार. देवयानीच्या जाईल, समरच्या जाईल. तेव्हा आजच उचल.

अन्वी तुला फोनवर काही म्हणणार नाही. तिने तुला विचारायचंच सोडलंय. तू घाबरून रविवारचा फोनही बंद करशील अशी तिला भीती वाटते. ‘नाही भरला तरी चालेल, आजोबा,’ म्हणते. ‘त्याला प्रेशर नको.’ सतरा वर्षांची पोर बापाला सांभाळून घेते! तुला लाज वाटत नसेल तर माझ्याकडची घे, माझ्याकडे सध्या भरपूर आहे.

इथल्या पाच युनिव्हर्सिट्यांचा अर्ज तिने पाठवला. अमेरिकेचाही पाठवला, तुझ्या भागावाचून, अर्धवट. रोज शाळेत जायच्या आधी त्या कॉलेजचं पान उघडून बघते. आईच्या नावापुढे हिरवी खूण आहे. वडिलांच्या पुढे लाल अक्षरांत ‘मिळाले नाही.’ मला तिच्या खांद्यावरून दिसतं, मी चष्मा पुसत असल्याचं सोंग करतो.

मुदत जवळ आली.

आप्पा


हॅरो, ३० मार्च २०२५

चि. संघर्ष,

सप्रेम जय भीम.

नाही म्हणाले.

फोनवर अन्वीने तुला सांगितलंच असेल, पण ती सांगताना हसते, म्हणून नीट लिहून कळवतो. कॉलेजचा निकाल गुरुवारी आला. आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो. तिने वाचलं, लॅपटॉप माझ्याकडे वळवला. फार गोड इंग्रजीत नाही म्हटलंय. हजारो अर्ज, गुणी मुलं, मोजक्या जागा. त्यांची चूक म्हणवत नाही, पण मी त्या वेळी जे शब्द वापरले ते शील मोडणारे होते. सुचेता रडली. इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं त्या निमित्ताने बाहेर आलं, बरंच झालं.

अन्वी रडली नाही. तिने लॅपटॉप परत घेतला, काहीतरी शोधलं आणि मला म्हणाली, ‘आजोबा, हे बघा.’ तेच पान. आईच्या नावाखाली तुझं नाव. हिरवी खूण. ‘वडील: मिळाले.’

फेब्रुवारीत, मुदतीच्या शेवटच्या सकाळी, तिने हे पान उघडलं होतं तेव्हा टोस्ट तोंडात तसाच राहिला होता तिचा. ती ओरडली नाही, नाचली नाही. शाळेला उशीर होईल म्हणून मी हाका मारत होतो आणि ती पडद्याला बोट लावून बसली होती. तुझ्या घरात आदल्या आठवड्यात काय झालं असेल याची मला कल्पना आहे. देवयानी माहेरी जाऊन आली, हेही अन्वीकडून कळलं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण परवा व्हिडिओवर ती अन्वीला ‘हॅलो’ म्हणाली. एकच शब्द, आणि चेहरा ताठ. चालेल. माणसाला वेळ लागतो, मला सहा वर्षं लागली.

तर त्या पानावर बोट ठेवून अन्वी मला विचारते, ‘आता ते नाही म्हणाले, तरी हे काढू शकत नाहीत ना?’

मी म्हटलं, ‘नाही गं. हे आता कोणीच काढू शकत नाही.’

‘मग ठीक आहे,’ म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

लीड्सने तिला फिजिक्सला घेतलंय, ग्रेड्स आल्या तर. नाचाचा क्लब आहे म्हणे तिथे. तासाभराची ट्रेन मात्र नाही रे. ती तुझ्याजवळ यायला निघाली होती, ते काही जमलं नाही. आता चालायची पाळी तुझी.

सप्टेंबरात तिला सोडायला जायचंय. या देशात मुलं हॉस्टेलला जातात तेव्हा गादीपासून तव्यापर्यंत सगळं गाडीत भरून न्यावं लागतं, आणि बाप वाहून नेतात. शशीच्या नातवाच्या वेळी मी पाहिलंय, एकेक बाप खोके घेऊन जिने चढत होता. माझा खांदा धरतो. सुचेताला विचारलं, तो आला तर चालेल का. ती म्हणाली, ‘खोके जड आहेत.’

समरला घेऊन ये. देवयानी आली तर तिलाही. विहारात शशी तुला चार शब्द सुनावेल, ते मुकाट्याने ऐकून घे.

आज रविवार होता. अन्वी माझ्या उजव्या हाताला होती. मी यंत्राचा आवाज कमी करून ठेवला होता. तरी चौथं शील ऐकू आलं.

तुझा,
आप्पा